एका ओळीत सॉफ्टवेअर: ॲप्टच्या जन्माची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधलं अडखळणं तेवढं काढलंय.

आजची गोष्ट एका कमांडची आहे. सुडो ॲप्ट इन्स्टॉल. तुमच्यातल्या ज्यांनी कधी लिनक्सला हात लावलाय, त्यांनी हे तीन शब्द टाइप केलेच असतील. आणि ज्यांनी नाही लावला, त्यांनीही ऐका, कारण तुमच्या फोनवरचं ते ‘इन्स्टॉल’ बटण दिसायच्या कितीतरी आधी ही कल्पना जगात आली होती. ती कुठून आली, कुणी आणली, आणि त्यामागे किती अनोळखी माणसांचा हात आहे, ते आज बघू.

पण आधी माझी फजिती सांगतो.

काळा पडदा

२०१५ चा डिसेंबर. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यावर विंडोज इतकं हळू चालायचं की चालू करून अंघोळ करून यावं. वरच्या वर्षातल्या एका दादानं त्यावर उबुंटू १४.०४ टाकून दिलं आणि म्हणाला, ‘आता वापर, शीक.’

मी पहिलं काम काय केलं असेल? व्हीएलसीची डॉट ईएक्सई फाइल डाउनलोड केली आणि तिच्यावर डबल क्लिक केलं. काहीच झालं नाही. मग कुणीतरी सांगितलं की लिनक्ससाठी सोर्स कोड घ्यावा लागतो. तो घेतला, फाइल उघडली, कॉन्फिगर, मेक, असं काहीबाही टाइप केलं. अमुक लायब्ररी सापडत नाही असा एरर आला. ती लायब्ररी शोधली, तर तिला आणखी दोन हव्या होत्या. रात्री दोन वाजता दादाला विचारलं. तो हसला, माझ्याच कीबोर्डवर त्यानं लिहिलं, ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल व्हीएलसी’, आणि दोन-चार मिनिटांत पिक्चर सुरू.

मला वाटलं, जमलं की! आता मीच राजा. पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मशीनवर पायथनच्या दोन आवृत्त्या आहेत, २ आणि ३. डिस्कवर जागा कमी होती. एक काढून टाकली तर जागा वाचेल, असा माझा हिशोब. म्हणून लिहिलं, ‘सुडो ॲप्ट-गेट रिमूव्ह पायथन३’. स्क्रीनवर नावांची लांबलचक यादी आली आणि खाली प्रश्न, पुढे जाऊ का? मी यादी वाचलीच नाही. वाय दाबलं, एंटर मारलं.

रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप नव्हता. आयकॉन नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. दोन दिवसांनी सी प्रोग्रामिंगच्या मिनी प्रोजेक्टचं सबमिशन होतं आणि तो सगळा कोड त्याच लॅपटॉपमध्ये. वडिलांचा अजून एकही हप्ता फिटला नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी बघू, ती यादी आली कुठून. एक पायथन काढायला सांगितलं तर मशीननं सगळं घर का आवरलं?

फ्लॉपीचे दिवस

ऑगस्ट १९९१. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स एका न्यूजग्रुपवर लिहितो की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, नुसता छंद म्हणून. सप्टेंबरमध्ये त्यानं ०.०१ ही आवृत्ती ठेवली. पण त्यानं बनवला होता तो कर्नल, म्हणजे गाडीचं नुसतं इंजिन. कंपायलर, शेल, फाइल कॉपी करायची साधी साधनं, ही सगळी रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून येत होती. इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे, सीट तिसरीकडे. गाडी तुमची तुम्ही जुळवायची.

तेव्हा सॉफ्टवेअर मिळायचं ते बहुतेक सोर्स कोडच्या रूपात, एका टार फाइलमध्ये. टार हा शब्दच ‘टेप आर्काइव्ह’वरून आलाय, म्हणजे मॅग्नेटिक टेपच्या जमान्यातला. ती फाइल उघडायची, आपल्या मशीनवर कंपाइल करायची, आणि तयार झालेल्या फाइली योग्य जागी ठेवायच्या. नंतर ते सॉफ्टवेअर काढायचं असेल तर? कुठली फाइल कुठे गेली याची नोंद कुणीच ठेवलेली नसायची. लग्नघरात पाहुणे यावेत आणि कोण कुठल्या खोलीत झोपलंय हे यजमानालाच ठाऊक नसावं, तसला प्रकार.

मग काही लोकांनी सगळं एकत्र बांधून द्यायला सुरुवात केली. याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आपण बोलताना ‘डिस्ट्रो’ म्हणतो. १९९२ मध्ये पीटर मॅकडॉनल्ड यांचं एसएलएस आलं आणि खूप चाललं. पण त्यात चुका भरपूर होत्या. त्या चुकांना वैतागून दोन तरुणांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या, दोघांनी १९९३ मध्येच. पॅट्रिक व्होल्करडिंगनं एसएलएस दुरुस्त करता करता स्लॅकवेअर काढलं. जुलै १९९३ मधली त्याची पहिली आवृत्ती २४ फ्लॉपींवर मावायची. एक फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी. आज तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला एक बरा फोटो बहुतेक वेळा त्यात मावणार नाही. आणि स्लॅकवेअरमध्ये कशाला काय लागतं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

दुसरा तरुण होता इयन मर्डॉक.

डेब आणि इयन

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा, विशीतला मुलगा. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्यानं जाहीर केलं की मी नवीन डिस्ट्रिब्युशन बनवतोय, नाव डेबियन. त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, आणि हा इयन. डेब अधिक इयन, डेबियन. आजही लाखो सर्व्हरवर चालणाऱ्या फाइलींच्या नावापुढे जे डॉट डेब लागतं, ते असं आलंय. कॉलेजात बाकावर बदामात नावं कोरणाऱ्यांनी लक्षात घ्या, याला म्हणतात नाव कोरणं.

पण गमतीचा भाग सोडा. इयनचा मुद्दा गंभीर होता. डेबियनच्या जाहीरनाम्यात त्यानं मांडलं की डिस्ट्रिब्युशन ही एकट्यादुकट्यानं बनवून नफ्यासाठी विकायची गोष्ट नाही, ती लिनक्सच्याच पद्धतीनं, उघडपणे, पुष्कळ लोकांनी मिळून सांभाळायची गोष्ट आहे. ऐकायला छान वाटतं. पण जगभर विखुरलेले, एकमेकांना कधी न भेटलेले लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवणार कशी? तू कुठली फाइल टाकलीस, मी कुठली टाकली, भांडणं होणारच.

याचं उत्तर म्हणजे पॅकेज. प्रत्येकानं आपापला तुकडा सांभाळायचा, पण तो बांधायचा ठरलेल्या पद्धतीनं. डॉट डेब फाइलमध्ये सॉफ्टवेअर तर असतंच, शिवाय एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, आवृत्ती, याला आणखी काय काय लागतं, आणि हे पॅकेज कोण सांभाळतं, हे लिहिलेलं असतं. या गठ्ठ्याची गाठ सोडून प्रत्येक फाइल जागेवर ठेवणारा आणि त्याची वहीत नोंद करणारा प्रोग्रॅम म्हणजे डीपीकेजी. सुरुवातीची रूपं शेल आणि पर्लमध्ये होती. १९९४ मध्ये इयन जॅक्सन नावाच्या दुसऱ्या इयननं तो सीमध्ये नव्यानं लिहिला. त्याचेच वंशज आज तुमच्या उबुंटूत आहेत.

मला विचाराल तर त्या चिठ्ठीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची. हे कोण सांभाळतं? आजही टर्मिनलवर ‘ॲप्ट शो’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा, ‘मेंटेनर’ अशी ओळ दिसेल. कुणीतरी माणूस किंवा गट तिथे सही करून उभा आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

देवळातली भांडी

आता ‘याला आणखी काय लागतं’ हा भाग. याला डिपेंडन्सी म्हणतात, आणि नवख्या माणसाला सगळ्यात जास्त घाम हाच फोडतो.

आमच्या गावात देवळात सामाईक भांडी असायची. मोठी पातेली, परात, झारे, घंगाळं. कुणाच्या घरी लग्न असलं की तिथून भांडी न्यायची. प्रत्येक घरानं शंभर माणसांचं पातेलं विकत घेऊन ठेवायची गरज नाही. लिनक्समधल्या लायब्ररी अशाच. चित्र दाखवायची लायब्ररी एकदाच मशीनवर ठेवायची, तिला पन्नास प्रोग्रॅम वापरतील. जेव्हा डिस्क आणि मेमरी महाग होती, तेव्हा हे शहाणपणाचंच होतं. शिवाय पातेल्याला भोक पडलं तर एकदाच झाळायचं, सगळ्या गावाचं काम झालं. लायब्ररीत सुरक्षेची चूक निघाली तर एकदाच दुरुस्त करायची.

पण यात अडचणही आहे. एका घरी जुन्याच घाटाचं पातेलं हवं असतं आणि दुसऱ्याला नवीन. आणि कुणी विचार न करता पातेलंच भंगारात दिलं, तर पन्नास घरांचा स्वयंपाक अडला. बरोबर ओळखलंत. हॉस्टेलच्या खोलीत बसून मी हेच केलं होतं. उबुंटूचे कितीतरी भाग पायथन ३ वर चालायचे. मी पातेलं भंगारात काढलं. मशीननं सरळपणे सांगितलं की मग या या घरांची चूल बंद होईल, चालेल का? आणि मी म्हटलं, हो.

१९९० च्या दशकात चित्र उलट होतं. १९९५ मध्ये रेड हॅटनं आपली आरपीएम पद्धत आणली, तिकडे डेबियनकडे डीपीकेजी. दोन्ही एवढं सांगायच्या की ‘याला अमुक लागतं, ते तुमच्याकडे नाही, म्हणून टाकत नाही’. पण ते अमुक आणून द्यायचं काम त्यांचं नव्हतं. तुम्ही शोधायचं. ते सापडलं की त्याला तमुक लागायचं. मग तमुकला ढमुक. लोकांनी या प्रकाराला नावच ठेवलं, डिपेंडन्सीचा नरक. माझ्या व्हीएलसीच्या रात्रीची हीच कथा, फक्त वीस वर्षं आधी आणि डायल-अप मोडेमवर.

डेबियनकडे डीसिलेक्ट नावाचा एक प्रोग्रॅम होता, जो हे थोडंफार करायचा. पण नवीन माणूस तो उघडून गांगरून जायचा. पॅकेजंही वाढत चालली होती. जून १९९६ मध्ये डेबियन १.१ आलं तेव्हा ती ४७४ होती. त्या आवृत्तीचं टोपणनाव बझ, ‘टॉय स्टोरी’ सिनेमातला तोच अंतराळवीर. तेव्हाचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून. ती प्रथा आजही चालू आहे.

मुकादम आला

१९९७-९८ च्या सुमारास डेबियनच्या स्वयंसेवकांनी ठरवलं की आता डीपीकेजीच्या वर एक हुशार थर हवा. प्रकल्पाचं पहिलं नाव होतं डीटी, म्हणजे देवता! पुढे नाव बदलून ॲप्ट झालं. जेसन गन्थॉर्प हे त्यातले मुख्य कारागीर. १९९८ मध्ये पहिली रूपं बाहेर आली, आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट लोकांच्या हातात पडलं. तोवर पॅकेजं सव्वादोन हजारांच्या घरात गेली होती.

ॲप्ट काय करतं, ते सोपं करून सांगतो. डीपीकेजी हा गवंडी. विटा समोर आणून दिल्या की भिंत बांधतो. ॲप्ट हा मुकादम. तो आधी बाजारात काय माल आहे त्याची यादी आणतो, ते म्हणजे ‘ॲप्ट अपडेट’. मग तुम्ही म्हणालात ‘इन्स्टॉल व्हीएलसी’, की तो चिठ्ठी वाचतो, लागणाऱ्या गोष्टींच्या चिठ्ठ्या वाचतो, त्यांना लागणाऱ्यांच्या वाचतो. काय आधीच घरात आहे, काय आणायचं, काय एकमेकांशी पटत नाही, हे ठरवतो. एक यादी करून तुमच्यापुढे धरतो आणि तुम्ही हो म्हणालात की माल आणून गवंड्याला कामाला लावतो.

हे हिशोबाचं काम वाटतं तेवढं किरकोळ नाही. २००६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी सिद्ध केलं की ‘हे पॅकेज टाकता येईल का’ हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनं एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे इंजिनिअरिंगला अल्गोरिदमच्या पेपरात ज्या वर्गाच्या प्रश्नांनी आपली झोप उडवली, त्याच वर्गातला. प्रत्यक्षात ॲप्टला तो बहुतेक वेळा चुटकीसरशी सुटतो. पुढच्या वेळी एंटर मारताना मुकादमाला मनातल्या मनात नमस्कार करा.

आणि या लोकांना विनोदही कळायचा. टर्मिनलवर ‘ॲप्ट-गेट मू’ असं लिहून बघा. एक गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का? काम इतकं गंभीर, आणि कोपऱ्यात गाय बांधून ठेवलीय.

सीडी, मग फोन

पुढचं पाऊल ऑक्टोबर २००४ मधलं. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी डेबियनच्याच पायावर उबुंटू आणलं. पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ साल, दहावा महिना. मी वापरलेलं १४.०४ म्हणजे एप्रिल २०१४. उबुंटूची एक योजना होती, पत्ता कळवा, आम्ही सीडी घरपोच पाठवू, फुकट, जगात कुठेही. २०११ पर्यंत ती चालली. आपल्याकडे नेट मंद आणि महाग होतं, त्या काळात ते पाकीट पोस्टमननं हातात देणं म्हणजे काय, हे तुमच्या एखाद्या मोठ्या दादाला किंवा ताईला विचारा.

आणि मग जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर आलं, ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मार्केट. एका ठिकाणी सगळी सॉफ्टवेअर, शोधा, दाबा, झालं. जगानं टाळ्या वाजवल्या. डेबियनवाले म्हणाले असतील, अरे, हे आम्ही नऊ वर्षांपूर्वीपासून करतोय! फरक दोन. एक, फोनच्या दुकानाचा मालक एक कंपनी असते. डेबियनच्या कोठारातल्या मुख्य भागाचा सोर्स कोड कुणीही उघडून वाचू शकतं. आणि दोन, फोनवरचं प्रत्येक ॲप बहुतेक भांडी आपली आपण घेऊन येतं. जागा जास्त खातं, पण भांडण नाही. गंमत म्हणजे आता लिनक्सही थोडं त्या वाटेला वळलंय. २०१६ पासून गाजू लागलेल्या स्नॅप आणि फ्लॅटपॅकची कल्पना तीच, आपलं पातेलं आपल्यासोबत. डिस्क स्वस्त झाली, गाव वेगळं राहू लागलं.

सही कुणाची?

आता थोडं गंभीर. सुडो ॲप्ट इन्स्टॉल म्हणताना आपण काय करतो? एका अनोळखी माणसानं बांधलेला गठ्ठा, मशीनचा पूर्ण ताबा देऊन, आपल्या घरात उघडतो. का उघडतो? विश्वासावर. त्या मेंटेनर नावाच्या ओळीवर.

हा विश्वास आयता मिळालेला नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्याच काही सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. डेबियननं ते लपवलं नाही, जाहीर केलं. पुढे एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट डिजिटल सही तपासू लागलं. वाटेत कुणी गठ्ठा बदलला तर सही जुळत नाही आणि ॲप्ट बोंब मारतं.

पण सही करणाराच फितूर निघाला तर? मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं की त्याच्या डेबियनच्या चाचणी मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण दुर्लक्ष केलं असतं. त्यानं मुळापर्यंत खणलं, आणि एक्सझेड नावाच्या फाइली दाबून लहान करायच्या साधनात मागचा दरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ हे नाव घेऊन कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ प्रामाणिक काम केलं, थकलेल्या मूळ मेंटेनरचा विश्वास मिळवला, आणि मग विष कालवलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते अजून पोचलं नव्हतं, चाचणीच्या शाखांत होतं. थोडक्यात वाचलो.

मी कामावर सर्व्हर सांभाळतो. ती बातमी आली त्या दिवशी मी आमच्या मशीन तपासत होतो आणि मनात एकच विचार, ही सगळी इमारत किती थोड्या, किती दमलेल्या माणसांच्या खांद्यावर उभी आहे. त्यांची नावं त्या चिठ्ठीवर असतात. आपण कधी वाचत नाही.

पुन्हा तो काळा पडदा

तर, डिसेंबर २०१५. दुसऱ्या दिवशी दादा खोलीवर आला. मला वाटलं, शिव्या घालेल. त्यानं लॅनची वायर लावली, काळ्या पडद्यावर लॉगिन केलं आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या होम फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवली. माझा सी प्रोजेक्ट तिथेच होता, जसाच्या तसा. म्हणाला, ‘ॲप्ट तुझ्या घरातल्या वस्तूंना हात लावत नाही. तू दुकान मोडलंयस, घर नाही.’ मग लिहिलं, ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’. परत तशीच लांब यादी आली. मी घाईनं वाय दाबायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला. ‘आधी वाच.’

आम्ही दोघांनी एकेक नाव वाचलं. त्यातलं मला दहा टक्केही कळलं नाही. पण त्या दिवसापासून मी यादी न वाचता एंटर मारलेला नाही. हॉस्टेलच्या नेटवर दीड-दोन तास लागले. डेस्कटॉप परत आला. सबमिशन वेळेत झालं. घरी आजतागायत सांगितलेलं नाही. बाबा, ऐकत असाल तर सॉरी.

ही चूक करणारा मी एकटा नाही बरं का. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध टेक यूट्यूबरनं कॅमेऱ्यासमोर पॉप ओएसवर स्टीम टाकायला गेला आणि आख्खा डेस्कटॉप काढून बसला. पॅकेजमध्येच तेव्हा गडबड होती. ॲप्टनं बजावलं होतं, खात्री असेल तर ‘हो, मी सांगतो तसं कर’ असं पूर्ण वाक्य लिही. त्यानं ते लिहिलं. लोक त्याला हसले. पण ॲप्टच्या मंडळींनी प्रोग्रॅम बदलला, आता नुसतं ते वाक्य लिहून असं सहज होत नाही. नवख्याच्या चुकीकडून शिकणारी माणसं मला फार आवडतात.

जाता जाता

माझा लॅपटॉप परत जिवंत झाला त्याच महिन्यात, २८ डिसेंबर २०१५ रोजी, इयन मर्डॉक गेला. वय ४२. मला तेव्हा त्याचं नावही माहीत नव्हतं. रोज त्याच्या डेबियनच्या नावाचा अर्धा भाग टाइप करत होतो, डॉट डेब, डॉट डेब. नोकरीला लागल्यावर कधीतरी वाचताना या दोन तारखा शेजारी आल्या आणि मी थोडा वेळ गप्प बसलो. जून २०१७ मध्ये आलेली डेबियन ९ ही आवृत्ती त्याला अर्पण केली आहे. एका विद्यार्थ्याच्या कल्पनेतून निघालेल्या त्या कोठारात २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजं होती. त्यात ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ नावाचंही एक आहे. मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर ते टाका, अक्षरं उमटतील. तेही कुणीतरी आपल्यासाठी बांधून ठेवलंय. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद आपल्या कोचीत भरली होती, तेव्हा ही मंडळी फार दूरची आहेत असंही नाही.

आज पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्यांसाठी चारच गोष्टी. इन्स्टॉलच्या आधी ‘अपडेट’ करा, म्हणजे मुकादमाकडे ताजी यादी असेल. ‘लॉक मिळत नाही’ असा एरर आला तर घाबरू नका आणि लॉकची फाइल उडवू नका. दुसरा गवंडी त्याच भिंतीवर काम करतोय, त्याचं होईपर्यंत थांबा. कुठल्याशा साइटवरची अनोळखी कमांड सुडो लावून चिकटवू नका. आणि चौथी, दादाची, आधी वाच.

आज घरी गेलात की एकदा ‘ॲप्ट शो’ करून तुमच्या आवडत्या सॉफ्टवेअरची मेंटेनरची ओळ बघा. तिथे कुणाचं नाव दिसलं आणि मनात काय आलं, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, आज हंबरलात का?